नेसरीला निघालो होतो, दोघीच

आईला मी आठवडाभर आधीच बजावून ठेवलं होतं. "दोघीच जायचं. तिसरं कुणी नाही. गाडीत नाही, जेवायला नाही, वाटेत नाही."

"व्हय की," आई म्हणाली. "तिसरं कोण असतंय?"

तिसरं कोण असतंय! आणि हे विचारणारी बाई कोण, तर जिच्या दारात दूधवाल्याच्या आधी बीपी बघून घ्यायला माणसं येऊन बसतात. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त होऊन जमाना झाला, पण ते फक्त सरकारला माहीत आहे. आमच्या गल्लीला अजून कुणी कळवलेलं नाही. कुणाचं इंजेक्शन, कुणाचा टाका, कुणाच्या सुनेला पाठीत कळ आली तर ती तसली की साधी, सगळं आईला दाखवायचं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मला भाऊ-बहीण नाही. लग्न मी केलं नाही, आणि का नाही असं विचारणाऱ्याला आईच परस्पर असं काही ऐकवते की माझ्यापर्यंत कुणी येत नाही. कोल्हापुरातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहायचो, पण दोघीच अशा कधी नसायचोच.

आणि मी चालले होते पोलंडला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मी ओतीव भागांची तपासणी करते. पंचतारांकित म्हटलं की बाहेरच्या माणसाला हॉटेल वाटतं. आमच्याकडं आहे ती भट्टी, वाळू आणि धूर. तर त्या कारखान्यानं मला तिकडच्या कारखान्यात तीन वर्षांसाठी पाठवायचं ठरवलं. गल्लीत बातमी फुटली तशी जो तो म्हणायला लागला की महायुद्धाच्या वेळी पोलंडची माणसं आसऱ्याला आपल्या वळिवड्यात येऊन राहिली होती, आता तू जा, फिटंफाट झाली. हसणं, पेढे, सगळं झालं.

आईनं बातमी ऐकली आणि म्हणाली, "लोकरीचं मोजं घ्याय पायजेत." बस्स. एवढंच. आणि पलीकडच्या आजोबांची पट्टी बदलायला निघून गेली.

त्यानंतर मे महिना उजाडला तरी ती त्या विषयावर माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. लोकांना सांगायची, ठासून सांगायची. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, लग्नात भेटलेल्या परक्या बायकांना. पण मी समोर बसले की उठायची. मी गेल्यावर तिचं काय होणार, तिला काय वाटतं, मी जावं की जाऊ नये, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. एकदाच. त्यासाठी मला एक अख्खा दिवस पाहिजे होता, जिथं तिला कुणी हाक मारणार नाही असा.

नेसरी माझ्या डोक्यात आली कारण माझ्या लहानपणाची बरीच वर्षं तिथं गेली. आई तिथल्या दवाखान्यात, वडील कोल्हापुरात एसटीच्या वर्कशॉपमध्ये. ते शनिवारी यायचे. दवाखान्याच्या मागं आमची क्वार्टर. कुठल्यातरी वाडीवरनं माणूस यायचा, "बाई, कळा सुरू झाल्यात," की आई पिशवी उचलून निघाली. मी शेजारी जेवायचे, शेजारीच झोपायचे. हाल झाले असं नाही हं, उलट लाडच झाले. पण आई मला अशी अख्खी कधी मिळाली नाही. एकदाच मिळाली. असाच मे होता. त्या दिवशी का कुणास ठाऊक, कुणीच आलं नाही. आई मला नदीवर घेऊन गेली. करंजाच्या सावलीत पाण्यात पाय सोडून बसलो. काजूची बोंडं खाऊन घसा खवखवला. आईनं माझी वेणी घातली, मोडली, परत घातली. काय बोलली ते काही आठवत नाही. कुणी हाक मारली नाही, एवढं पक्कं आठवतं. इतकी मोठी घोडी झाले तरी तो दिवस मला अजून पाहिजे असतो. भूक लागल्यासारखा पाहिजे असतो.

तर बेत असा होता. उजाडताना निघायचं, हायवेनं निपाणी, संकेश्वर, मग गडहिंग्लज करून नेसरी. नदीवर बसायचं. भाकरी, ठेचा, दही मी रात्रीच बांधून ठेवलं होतं. बोलायचं. ऊन उतरलं की परत फिरायचं.

गाडी गल्लीतनं बाहेर काढतेय तोवर कोपऱ्यावरची काकू दोन पिशव्या घेऊन रस्त्यात उभी.

"कागलला लेकीकडं जायचंय. तुमच्या वाटंवरच हाय की."

मी आरशातनं आईकडं बघितलं नाही, कारण ती शेजारीच बसली होती. ती खिडकीबाहेर बघत होती. काकूनं मागचं दार उघडलं, परत लावलं आणि म्हणाली, "मागं बसलं की मला मळमळतंय गं." झालं. आई उठून मागं गेली, काकू पुढं आली. आईसोबतचा माझा दिवस काकूच्या पिशव्या पायात घेऊन सुरू झाला.

काकूचं तोंड पंचगंगेच्या पुरासारखं. तिकडं भाकरी मिळती का? बर्फात धुणं कसं वाळत असंल? आणि शेवटी जे यायचं ते आलंच. "तिकडंच कुणी बघून लगीन करणार व्हय?"

मी दात खाल्ले. मागनं आई म्हणाली, "करंल न्हाईतर न करंल. तू पुढं बघ, मळमळंल."

कागलात काकूला दारात सोडून निघायचं ठरलं होतं. पण आमच्या भागात दारापर्यंत गाडी गेली आणि आत पाऊल टाकलं नाही, तर पुढची दहा वर्षं ते काढतात. चहाला नको म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. आधी पोहे आले, मग चहा. मग काकूच्या लेकीचे सासरे पाय सुजलेत म्हणून पायजमा वर करून बसले आणि आई त्यांच्या घोट्यावर बोट दाबून बघायला लागली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन चटकायला लागलं होतं.

"आता तरी पुढं बस," मी म्हणाले.

आई पुढं बसली. पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "हायवेनं नगो जायाला. मुरगूडवरनं जाऊया. झाडं हायत रस्त्याला."

"आई, झाडं तोडली की रस्ता करताना."

"सगळी न्हाई तोडल्यात. मी गेलतो की मागच्या महिन्यात."

आई 'मी गेलतो' असंच म्हणते. आमच्याकडच्या बायका सगळ्या अशाच बोलतात, पुरुषासारख्या. पुण्याच्या मैत्रिणी त्यावर हसतात; हसू देत. तर आई गेलती आणि तिला झाडं दिसली होती, मग मी कोण? गाडी मुरगूडच्या रस्त्याला वळवली. खरं सांगायचं तर मला राग आला नव्हता. गाडीत आता दोघीच होतो. खिडकीतनं उसाच्या रानाचा वास येत होता. मी मनाची तयारी केली आणि म्हणाले, "आई, मी गेल्यावर..."

आईचा फोन वाजला.

आई फोन स्पीकरवर टाकूनच बोलते. तिकडनं आवाज आला, "बाई, कुठवर आलायसा?" आवाज मी लगेच ओळखला. नेसरीच्या दवाखान्यात आईच्या हाताखाली आया म्हणून काम करणारी मावशी. मला तिनं अंगाखांद्यावर खेळवलंय. आता ती मुरगूडला लेकाकडं राहते.

"हिला कसं कळलं आपण येतोय ते?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"कळतंय की लोकास्नी," आई म्हणाली. "तिच्या दारात जरा थांबूया. फकस्त पाणी पिऊन निघायचं."

मावशीच्या अंगणात चूल पेटलेली. चुलीवर मोठं पातेलं, पातेल्यात कुरडयांचा चीक रटरटत होता. आता हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, पण गव्हाचा चीक ही भलती हट्टी वस्तू. तीन दिवस गहू भिजवा, वाटा, गाळा, खाली बसलेला चीक घोटून घोटून शिजवा, आणि मग तो गरम आहे तोवरच सोऱ्यात भरून दाबा. गार झाला की संपलं, दगड. शिजलेला चीक पाहुण्याला थांबत नाही, उलट पाहुण्यानंच त्याच्यासाठी थांबायचं. चीक चुलीवर असलेल्या घरात शिरलं की हात लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. असं कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण पडून बघा बाहेर!

मावशी घाम पुसत म्हणाली, "सोऱ्या दाबणारी आलीच न्हाई बघा. माजं तर मनगाट गेलंय. काय करू सांगा आता."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत आईनं पदर खोचला होता.

मी गाडीत जाऊन बसले. रुसून. चाळिशीची बाई, कारखान्यात माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही, आणि मी मुरगूडात एका अंगणाबाहेर गाडीत रुसून बसले होते. मागच्या सीटवर भाकरीचं गाठोडं. पत्रा तापला, सीट तापली, डोकं आधीच तापलेलं. शेवटी उन्हानंच मला बाहेर काढलं. मी अंगणात गेले तर आई म्हणाली, "आलीस व्हय? धर हे." आणि सोऱ्या माझ्या हातात दिला.

सोऱ्या दाबायला काय ताकद लागते, ते दाबल्याशिवाय कळत नाही. तळहात भाजत होते. गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या होत्या, त्यांच्यावर आम्ही ओळीनं कुरडया घालत चाललो. आईच्या कुरडया गोल, बेताच्या, एकीसारखी दुसरी. माझ्या बघितल्या तर उसवलेल्या दोऱ्याचा गुंता. आजूबाजूच्या बायका येऊन बसल्या होत्या, त्यांना त्यात भारीच मजा. "हेच तपासतीस व्हय कारखान्यात?" एक म्हणाली. मीही हसले. हसू आलंच. आई उन्हात बसली होती, कपाळावर चिकाचा पांढरा ठिपका, आणि मला वाटलं की हिला असंच बघत राहावं. मी पोलंडात असताना ही अशीच कुणाच्या तरी गच्चीवर बसलेली असणार आणि मला ती दिसणार नाही.

"चाललीय पोलंडला!" आई तेवढ्यात मोठ्यानं सगळ्यांना सांगत होती. "साहेबीण होऊन येणार!"

"आणि तुमी एकट्या काय करणार बाई?" त्यातल्या एकीनं विचारलं.

मी सोऱ्या दाबायची थांबले. मला जे विचारायचं होतं ते या बाईनं माझ्या आधी विचारलं होतं.

"एकटी?" आई म्हणाली. "मला एकटं ऱ्हायाला कोण देतंय?"

सगळ्या हसल्या. मी नाही हसले.

पातेल्याच्या तळाचा गरम चीक, त्यात दूध आणि साखर. आईनं पहिली वाटी मला आणून दिली. मी तिचा हात धरला. "आई, जरा बस की माझ्याजवळ."

"बसतो की," ती म्हणाली, आणि झारा धुवायचा राहिलाय म्हणून उठली.

जेवण तिथंच झालं. मावशीनं उठूच दिलं नाही. आमच्या भाकरी गाडीत वाळत पडल्या. कुरडया वाळल्या की पोलंडला पाठवते असं मावशीनं तीनतीनदा सांगितलं आणि निघताना माझ्या गालावरनं हात फिरवून तिच्या डोळ्याला पाणी आलं. आई तोवर गाडीत जाऊन बसली होती. दुपार कलायला लागली होती.

"आता सरळ नेसरी," मी म्हणाले. "कुणी आडवं पडलं तरी थांबणार नाही."

"बरं."

उत्तूरच्या अलीकडं एक फाटा आहे. तिथं झाडाखाली मोटारसायकल लावून एक माणूस उभा होता. माझ्याच वयाचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. आमची गाडी दिसली तसा तो रस्त्याच्या मधोमध आला आणि दोन्ही हात वर केले. ब्रेक लावला नसता तर खरोखर आडवा पडला असता.

"बाई! अवो बाई! असं वाटंवरनं जातासा व्हय? नात झालीया मला. बघून तरी जावा!"

"नात!" आई म्हणाली. "आता गं बया! काल तर तू झालतास."

हा माणूस आईच्या हातावर जन्मलेला. नेसरीच्या आधी आईची पहिली नेमणूक याच भागात होती, मी पोटात होते तेव्हा. मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "बाळ बघून निघूया. नेसरी कुठं पळून जातीया?"

मोटारसायकल पुढं, आम्ही मागं. मोठं शेतकरी घर, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात म्हशी. या घराची एक गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे. आम्ही बौद्ध. आई पहिल्यांदा इथं आली तेव्हा तिच्या चहासाठी एक कपबशी कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची. मग हा मिशावाला जन्मला, अडला होता, आईनं रात्र घालवून सोडवला. त्याच्या पाठची भावंडंही आईच्याच हातावर आली. आणि मधेच केव्हातरी ती वेगळी कपबशी दिसेनाशी झाली. कुणी काही बोललं नाही. चुकलं असंही कुणी म्हटलं नाही. आई हे हसून सांगते. मला हसू येत नाही. त्या घरात माझ्यापुढं चहा आला की मी आधी बाकीच्यांचे कप बघते. आई म्हणते, "तुजं डोकं लई तापतंय." तापतंयच.

या खेपेला सगळे कप सारखे होते. बाळ आईच्या मांडीवर दिलं. आई त्याची टाळू बघत होती, बेंबी बघत होती, बाळाच्या आईला काय खायचं ते सांगत होती. मिशावाल्याची आई, आता पार वाकलेली म्हातारी, माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेऊन कुरवाळत म्हणाली, "तुजी आई पोटुशी हुती गं, तरी चिखलातनं आलती. काल फोन आला तिचा, म्हटली लेकीला घिऊन येतो. तवापास्नं माजा जीव दारात. सकाळधरनं पोराला फाट्यावर हुबं केलंय."

"काल?" मी विचारलं.

"काल की. मी म्हटलं जेवायलाच या. तर म्हटली न्हाई, जेवाण मुरगूडात हाय, तुमच्याकडं दुपारचं चहाला येतो."

जेवण मुरगूडात आहे. हे काल ठरलं होतं. मी भाकरी थापत होते तेव्हा आई आतल्या खोलीत फोनवर बोलत होती, ते हे होतं तर. डोक्यात अशी तिडीक गेली की मी कप खाली ठेवला आणि कुणाला काही न बोलता बाहेर येऊन गाडीत बसले. आई सावकाश आली. मिशावाल्यानं मागं एक फणस टाकला, दार लावलं, "जयभीम बाई," म्हणाला. आई त्याला जयभीम म्हणाली. मी गाडी काढली.

गडहिंग्लज जवळ येईस्तोवर मी गाडी नुसती हाणली. एक बंद पडलेलं रसाचं गुऱ्हाळ दिसलं, त्याच्या पुढ्यात चिंचेचं झाड. मी गाडी तिथं घेतली आणि बंद केली.

"काकूला तूच सांगितलंवतंस?"

"व्हय."

"मावशीला?"

"व्हय."

"चीकसुद्धा?"

"चीक तिला आज घालायचाच हुता. मी एवढंच म्हटलं, दाबणारी बघू नको, आमी येतो."

म्हणजे सोऱ्या दाबणारी येणार नव्हतीच. ती मीच होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला याचं हसू आलं असतं. त्या दिवशी मी स्टिअरिंगवर हात आपटला आणि ओरडले. रस्त्यावरनं जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला इतकी ओरडले.

"एक दिवस मागितला होता मी तुझ्याकडं! आख्ख्या जगाच्या बायकांजवळ बसतेस, त्यांच्या सासऱ्यांचे पाय दाबून बघतेस, आणि माझ्याजवळ बसवत नाही तुला? मी काय केलंय तुझं? मी तीन वर्षं चाललेय आई! तुला काहीच वाटत नाही का गं?"

आणि मग मला रडू आलं. घळाघळा. शेंबूड येईपर्यंत. आईनं पदर पुढं केला नाही, पाठीवर हात ठेवला नाही. ती समोरच्या बंद गुऱ्हाळाकडं बघत बसली. तिचे हात मांडीवर होते आणि नखांत अजून चीक वाळलेला होता.

"बसलो असतो तर निघालं असतं," ती म्हणाली.

"काय निघालं असतं?"

"तोंडातनं. तुज्यासंगं तिथं नदीवर एकटी बसलो असतो, तर जाऊ नको म्हणून निघालं असतं. मी काय दगड हाय? रोज येतंय हितपर्यंत." तिनं गळ्याला हात लावला. "म्हणून माणसं बोलवली. चार माणसांत न्हाई निघत."

मी डोळे पुसले.

"आणि ते निघालं असतं तर तू गेली नसतीस," आई म्हणाली. "मी वळखतो तुला. तिकीट फाडून टाकलं असतंस."

फाडलं असतं.

"तू ल्हान हुतीस तवा," आई म्हणाली, "मी पिशवी उचलली की दारात येऊन हुबी ऱ्हायचीस. रडायची न्हाईस. नुसतं म्हणायचीस, आई, जाऊ नको. एकदाच. मी जायचो. बैलगाडीतनं, कुणाच्या सायकलवर, चालत, पण जायचो. आणि तिथं गेल्यावर माजं हात कापायचं. बाळाचं डोकं आलेलं असायचं आणि माजं हात कापायचं. कानात तू. कुणाला सांगितलं न्हाई मी हे. तुज्या बाबालाबी न्हाई. जाणाऱ्याला तसं म्हटलं की काय हुतंय ते मला ठाऊक हाय. तुजं हात तसं कापाय नगोत."

मला यातलं काही आठवत नव्हतं. शेजारच्यांचं घर आठवतं, तिथली उशी आठवते, आईची पिशवी आठवते. दारात उभी राहून मी असं काही म्हणायचे, हे मला त्या दिवशी त्या चिंचेखाली पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की आई सहज जायची. पिशवी उचलली आणि गेली, मागं वळूनसुद्धा न बघता. मी तिच्यावर मनातल्या मनात किती रागावले असेन त्याचा हिशेब नाही. आणि ही त्या वाड्यावस्त्यांवर कापत्या हातांनी पोरं सोडवत होती.

"म्हण," मी म्हणाले.

"काय म्हणू?"

"जे म्हणायचं नव्हतं ते. मी जाणार आहे. तू म्हटलंस तरी जाणार, तुला शब्द देते. पण म्हण एकदा."

"खुळी हाईस काय तू?"

"आहे. म्हण."

रस्त्यावरनं एसटी गेली, धुरळा आला, तिनं काच वर केली. माझ्या आईचा आवाज असा आहे की ती दवाखान्याच्या दारातनं बोलली की फाटकाबाहेरच्या माणसाला ऐकू जायचं. हळू बोलणं तिला जमत नाही. पण ती काचेकडं तोंड करून इतक्या हळू बोलली की मला तिच्याकडं वाकावं लागलं.

"जाऊ नको गं," आई म्हणाली. "मला तू पायजेस."

मग तिनं माझा हात धरला. भाजून लाल झालेला तळहात तिनं उलटा करून बघितला, फोड आलाय का ते बघितलं, आणि सोडला नाही. ऊन चिंचेखालनं सरकत गाडीच्या टपावर आलं. आम्ही तिथंच बसून राहिलो. ती मला काय काय सांगत राहिली. वडिलांचं, माझ्या जन्माचं, पहिल्या पगाराच्या साडीचं. मी विचारत राहिले. गाठोडं सोडून वाळक्या भाकरी खाल्ल्या. नेसरी तिथनं काही लांब नव्हती, पण दोघींपैकी कुणीच तिचं नाव काढलं नाही. अंधारायला लागलं तेव्हा मी गाडी संकेश्वरच्या रस्त्याला लावली आणि हायवेनं कोल्हापूर गाठलं.

जूनच्या सुरुवातीला मी निघाले. आई मुंबईपर्यंत आली नाही; घराच्या दारातनंच तिनं हात केला, तिच्या मागं गल्लीतल्या बायका उभ्या होत्या आणि ती त्यांच्याशी मोठमोठ्यानं बोलत होती. विमानतळावर काचेपलीकडच्या माणसानं पासपोर्ट मागितला. मी तो पुढं केला, आणि माझे हात कापत होते. दोन्ही. त्या माणसानं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरी आहे.

मी तरीही गेले. तीही जायचीच.